पत्रावरचे तिकीट आणि आगबोटीचे भाडे : वसाहतींच्या समुद्रपार टपालाचा हिशेब

1857 साली लंडनहून सिडनीला जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्रावर सहा पेन्सांचे तिकीट लावावे लागे. या सहा पेन्सांची वाटणी ठरलेली होती : एक पेनी ब्रिटनमधील अंतर्गत टपालाची, एक पेनी ज्या वसाहतीत पत्र पोहोचायचे तेथील टपालाची आणि उरलेले चार पेन्स समुद्रप्रवासाचे. त्याच वर्षी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये सुरू झालेल्या मासिक आगबोट सेवेसाठी कंत्राटदार कंपनीला वर्षाला 1,85,000 पौंड द्यायचे ठरले होते. त्या काळी एका पौंडाचे 240 पेन्स होत. म्हणजे केवळ पत्रांच्या समुद्रहशिलातून ही रक्कम उभी करायची, तर जाऊन-येऊन वर्षाला 1 कोटी 11 लाख पत्रे जायला हवी होती. ऑस्ट्रेलियातील सर्व ब्रिटिश वसाहतींची मिळून लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती आणि तीत तान्ही मुले व निरक्षर मजूरही आले. शिवाय टपालाच्या थैल्यांमध्ये वजनाने सर्वांत जड असत ती वर्तमानपत्रे, आणि त्यांच्यावरचे हशील नाममात्र असे.

हा हिशेब तिकिटांतून जुळणारा नव्हता आणि तो जुळेल अशी अपेक्षाही करार करणाऱ्यांनी ठेवली नव्हती. तुटीची रक्कम सरकारी तिजोरीतून जात असे. मग ती कोणत्या सरकारने द्यायची, किती द्यायची आणि तिच्या बदल्यात नेमके काय मिळवायचे, या प्रश्नांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश साम्राज्यातील वसाहती जवळजवळ अर्धशतक भांडत राहिल्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील भांडण सर्वांत बोलके आहे, कारण तेथे एकाच समुद्रकिनाऱ्यावर शेजारी-शेजारी असलेल्या, स्वतःची विधिमंडळे असलेल्या अनेक वसाहतींना एकाच आगबोटीचा खर्च वाटून घ्यायचा होता.

प्रथम हे पाहायला हवे की सरकार नेमके कशाचे पैसे देत होते. शिडाच्या जहाजांच्या काळात पत्र पाठवणे स्वस्त होते. बंदरातून जे जहाज निघणार असेल त्याच्या कप्तानाकडे थैली सोपवायची आणि पोहोचवलेल्या प्रत्येक पत्रामागे त्याला एक-दोन पेन्स बक्षिसी द्यायची, एवढीच व्यवस्था बहुतेक ठिकाणी होती. पण ते जहाज कधी निघेल हे माल भरण्यावर आणि कधी पोहोचेल हे वाऱ्यावर अवलंबून असे. आगबोटीने वाऱ्याची अडचण दूर केली, मात्र तिला कोळसा लागे आणि सुरुवातीच्या यंत्रांची भूक प्रचंड होती. बोटीच्या पोटातील मोठी जागा कोळशानेच व्यापली जाई, मालासाठी थोडीच उरे आणि वाटेतील प्रत्येक ठाण्यावर दुसऱ्या जहाजांनी आणून टाकलेला महागडा कोळसा विकत घ्यावा लागे. 1839 मध्ये एडन ब्रिटिशांनी घेतले, त्यामागे मुंबई ते सुवेझ या मार्गावरील कोळशाची ही गरज हे एक मोठे कारण होते. अशा बोटीने माल पुरेसा भरेपर्यंत बंदरात थांबायचे ठरवले असते, तर ती कदाचित स्वतःच्या कमाईवर चालली असती. प्रवासी कमी असले तरी एसटीची गाडी ठरल्या वेळी स्थानकातून सुटते आणि ती तूट कोणीतरी भरून काढावी लागते, तसाच हा प्रकार होता. सरकार पत्रे वाहून नेण्याचे पैसे देत नव्हते. बोट ठरल्या दिवशी निघेल आणि ठरल्या दिवशी पोहोचेल, या हमीचे पैसे देत होते.

म्हणूनच टपालाच्या करारांमध्ये पत्रांविषयी थोडे आणि वेळेविषयी फार लिहिलेले असे. बोटीचा आकार व यंत्राची शक्ती, वाटेतील बंदरे, प्रत्येक टप्प्याला लागणारे तास आणि उशीर झाल्यास होणारा दंड हे सारे त्यात नमूद केले जाई. काही करारांत वेळेआधी पोहोचल्यास बक्षीसही असे. 1860 पर्यंत असे बरेचसे करार ब्रिटनच्या टपालखात्याने नव्हे, तर नौदलखात्याने केले. युद्ध झालेच तर या बोटी सैन्य वाहून नेण्यास कामी याव्यात, हा त्यातील हेतू होता. टपालाच्या थैल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी नौदलाचा एक अधिकारी बोटीवर असे. सॅम्युएल क्युनार्ड यांनी 1839 मध्ये उत्तर अटलांटिक समुद्रावरील टपालाचा करार मिळवला तो नौदलखात्याकडूनच. स्पेन-पोर्तुगालचे टपाल नेणाऱ्या कंपनीचा 1837 चा करारही तसाच होता. हीच कंपनी 1840 मध्ये राजसनद मिळवून पी. अँड ओ. या नावाने पूर्वेकडील समुद्रांत उतरली.

मुंबईचा या कथेतील भाग वेगळा आणि आधीचा आहे. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च 1830 मध्ये टपाल घेऊन सुवेझला गेली. पुढे मुंबई-सुवेझ मार्ग ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याच नौदलाच्या बोटींनी चालवला आणि तो सहजासहजी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. पी. अँड ओ.च्या बोटी कलकत्ता, श्रीलंकेतील गॉल, सिंगापूर आणि हाँगकाँगपर्यंत पोहोचल्या, तरी मुंबईच्या मार्गाचा करार या कंपनीला 1854 मध्येच मिळाला. तोवर भारताचे विलायती टपाल दोन वेगळ्या धन्यांच्या बोटींनी, दोन वेगळ्या किनाऱ्यांवर उतरत असे.

ऑस्ट्रेलियाचा मार्ग या साखळीला शाखा म्हणून जोडला गेला. 1852 मध्ये पी. अँड ओ.ची ‘चुसान’ ही बोट सिडनीला पोहोचली आणि सिंगापूरहून दोन महिन्यांतून एकदा अशी सेवा सुरू झाली. दोन वर्षांतच क्रिमियाचे युद्ध पेटले, सरकारने आगबोटी सैन्यासाठी मागून घेतल्या आणि सोन्याच्या शोधाने गजबजलेल्या ऑस्ट्रेलियाचे टपाल पुन्हा वेगवान शिडाच्या जहाजांवर आले. नौदलखात्याने केलेल्या करारांमध्ये वसाहतींच्या सोयीचा क्रमांक कोणता होता, हे या एका प्रसंगातून स्पष्ट होते.

त्यानंतरचा करार वसाहतींनाही पैसे द्यायला लावणारा होता आणि 1,85,000 पौंडांचा आकडा याच करारातील आहे. युरोपियन अँड ऑस्ट्रेलियन कंपनीने सुवेझमार्गे महिन्यातून एकदा टपाल न्यायचे होते. अनुदानाचा निम्मा भाग ब्रिटनने द्यायचा आणि उरलेला निम्मा वसाहतींनी आपापल्या पत्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असे ठरले. या कंपनीजवळ एवढ्या लांब मार्गासाठी पुरेशा बोटी नव्हत्या. बोटी उशिरा येऊ लागल्या, बिघडू लागल्या आणि 1858 मध्ये कंपनी बुडाली. मधल्या काळात दुसऱ्या एका कंपनीने काम चालवले आणि 1859 मध्ये पी. अँड ओ. परत आली. तिने आधी मॉरिशसमार्गे आणि लवकरच श्रीलंकेतील गॉल बंदरामार्गे टपाल नेण्यास सुरुवात केली. नव्या कंपनीने केवळ कागदावर स्वीकारलेली घाई शेवटी सगळ्यांनाच महाग पडली. कराराची रक्कम ठरवताना कंपनीजवळ खरोखर किती बोटी आहेत याची पारख करायला हवी, हा धडा टपालखात्याने यातून घेतला असे मला वाटते, कारण पुढची अनेक वर्षे हा मार्ग जुन्या, अनुभवी कंपनीकडेच राहिला.

पत्रांच्या संख्येवर खर्च वाटण्याचा नियम वरवर न्याय्य दिसतो. जो जास्त पत्रे लिहील त्याने जास्त द्यावे, यात चूक काय? चूक अशी की पत्रांच्या संख्येवरून सेवेचा खरा लाभ कळत नाही. बोट पश्चिमेकडून येई, तेव्हा ती प्रथम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाशी असलेल्या किंग जॉर्ज साउंड या बंदरात कोळसा घेई, मग मेलबर्नला जाई आणि शेवटी सिडनीला. परत जाताना हाच क्रम उलटा असे. व्यापाऱ्याला पत्र मिळून भागत नाही; त्याच बोटीने उत्तर पाठवता आले तरच व्यवहार पुढे सरकतो. लंडनहून लोकरीचा भाव कळला आणि उत्तर लिहायच्या आत परतीची बोट सुटून गेली, तर मासिक सेवेत पूर्ण एक महिना हातचा जातो. मेलबर्नला पत्रे आधी मिळत आणि परतीची बोट तेथून शेवटी सुटे, म्हणून तेथील व्यापाऱ्याला उत्तर लिहायला बरेच दिवस मिळत. सिडनीला पत्रे उशिरा मिळत आणि परतीची थैली मात्र लवकर बंद होई. त्याहून उत्तरेकडे असलेल्या ब्रिस्बेनला याहूनही कमी वेळ मिळे, आणि टास्मान समुद्र ओलांडून पत्र न्यूझीलंडला पोहोचेपर्यंत अनेकदा परतीची बोट निघून गेलेली असे. पत्रामागे दर सारखाच, पण त्या दरात कोणाला महिनाभराचा फायदा मिळे आणि कोणाला तेवढाच तोटा सोसावा लागे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचे दुखणे आणखी वेगळे होते. बोट ॲडलेडजवळूनच पूर्वेकडे जाई, पण तेथे थांबत नसे. तिथली पत्रे आधी मेलबर्नला जात आणि मग मागे परत येत. पुढे या वसाहतीने किंग जॉर्ज साउंडपर्यंत स्वतःची छोटी आगबोट पाठवून थैल्या परस्पर उचलण्याची व्यवस्था केली आणि तिचा खर्च सामायिक अनुदानाच्या वर सोसला.

नकाशा समोर ठेवून हा वाद पाहिला, म्हणजे प्रत्येक वसाहतीने वेगळाच मार्ग का पुढे केला हे ध्यानात येते. मेलबर्न ज्या वसाहतीत होते त्या व्हिक्टोरियाला सुवेझचा मार्ग हवा होता, कारण त्यात मेलबर्न आधी येते. न्यू साउथ वेल्स (सिडनीची वसाहत) आणि न्यूझीलंड यांना पॅसिफिक महासागराकडून येणारा मार्ग हवा होता, कारण त्यात त्यांची बंदरे आधी येतात. क्वीन्सलँडला टॉरेस सामुद्रधुनीतून, म्हणजे उत्तरेकडून येणारा मार्ग हवा होता, कारण त्यात ब्रिस्बेन आधी येते. 1867 मध्ये मेलबर्नला भरलेल्या वसाहतींच्या परिषदेने सुवेझ, पनामा आणि टॉरेस सामुद्रधुनी या तिन्ही मार्गांना मिळून पैसे द्यावेत असा ठराव केला. सगळ्यांना खूश करणारा हा ठराव सगळ्यांत खर्चिक होता आणि त्या रूपात तो अमलात आला नाही. पनामामार्गे जाणारी सेवा न्यूझीलंड व न्यू साउथ वेल्स यांच्या अनुदानावर 1866 मध्ये सुरू झाली होती. पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवरून थैल्या रेल्वेने नेल्या जात. ती 1869 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी अमेरिकेचे दोन्ही किनारे रेल्वेने जोडले गेले, त्यामुळे पुढील प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोमार्गे झाले. एकामागून एक कंत्राटदार आले, करार मोडले, नवे झाले. अखेर न्यू साउथ वेल्सचे सॉल सॅम्युएल आणि न्यूझीलंडचे जुलियस व्होगेल या दोन मंत्र्यांनी वाटाघाटी केल्या आणि 1875 मध्ये पॅसिफिक मेल कंपनीची सेवा सुरू झाली. या भागीदारांमध्येही मुख्य बोटीने आधी सिडनीला जायचे की ऑकलंडला, हा प्रश्न होताच. म्हणून फिजी बेटांमधील कांदावू येथे थैल्या विभागून दोन दिशांना पाठवण्याची योजना काही काळ चालवून पाहण्यात आली.

या सगळ्या ओढाताणीला कंटाळून लंडनने 1873 च्या सुमारास आपला पवित्रा बदलला. गॉल, सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्को या ठिकाणांपर्यंत टपाल आम्ही आमच्या खर्चाने आणू. तेथून पुढे कोणत्या मार्गाने, कोणत्या कंपनीकडून आणि किती खर्चाने न्यायचे ते ज्या त्या वसाहतीने ठरवावे, असे ब्रिटनने सांगितले. व्हिक्टोरियाने गॉल ते मेलबर्न या टप्प्यासाठी पी. अँड ओ.शी वर्षाला 90,000 पौंडांचा करार केला, न्यू साउथ वेल्स व न्यूझीलंड पॅसिफिककडे वळले आणि क्वीन्सलँडने सिंगापूरहून सामुद्रधुनीमार्गे येणारी बोट धरली. प्रत्येकाला हवा तो मार्ग मिळाला, पण एकाच भूखंडाकडे तीन अपुऱ्या सेवा चालू लागल्या आणि तिन्हींचा भार स्थानिक करदात्यांवर पडला. माझ्या मते वसाहतींना एकत्र येऊन करार करण्याची गरज खऱ्या अर्थाने या काळात पटली. सल्ल्याने जे झाले नव्हते ते बिलांनी केले.

दरम्यान समुद्रावरील परिस्थितीही बदलत होती. 1860 च्या दशकात आलेल्या संयुक्त, म्हणजे तीच वाफ एकाहून अधिक वेळा कामाला लावणाऱ्या, वाफयंत्रांनी कोळशाचा खप बराच कमी केला, त्यामुळे बोटीत मालाला जागा झाली आणि अनुदानाशिवायही लांबचे मार्ग परवडू लागले. सुवेझ कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये खुला झाला, पण ब्रिटिश टपालखात्याचा आग्रह असा की थैल्या अलेक्झांड्रियाला उतरवून इजिप्तमधून रेल्वेनेच सुवेझला न्याव्यात, कारण करारात तसे लिहिले होते. पी. अँड ओ.ला कालव्यातून टपाल नेण्याची परवानगी 1874 मध्ये मिळाली, तीही अनुदानात कपात मान्य केल्यानंतर. मार्ग जलद झाल्याचा लाभ कंपनीने एकटीने घेऊ नये, असा हा विचार होता आणि सरकारी पैशाचा रक्षक म्हणून टपालखात्याची ही भूमिका मला योग्य वाटते.

1888 चा संयुक्त करार या बदलांचे फळ आहे. पी. अँड ओ. आणि ओरिएंट या दोन कंपन्यांनी आळीपाळीने, म्हणजे प्रत्येकीने पंधरा दिवसांनी एकदा, टपाल न्यायचे. त्यामुळे ऑस्ट्रेलियाला दर आठवड्याला बोट मिळू लागली. एकूण अनुदान वर्षाला 1,70,000 पौंड होते. त्यातील 95,000 पौंड ब्रिटनचे आणि 75,000 पौंड वसाहतींचे. वसाहतींचा हिस्सा आता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाई. 1857 च्या कराराशी याची तुलना करण्यासारखी आहे. तेव्हा महिन्यातून एका बोटीसाठी प्रत्येक फेरीमागे सुमारे 15,400 पौंड पडत होते. आता आठवड्याच्या सेवेत ते सुमारे 3,300 पौंडांवर आले. दोन्ही करारांतील मार्गाची लांबी सारखी नाही, तरी फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. कोणाचे बंदर आधी, हा वादही एव्हाना बोथट झाला होता, कारण सिडनी-मेलबर्न रेल्वे 1883 मध्ये आणि मेलबर्न-ॲडलेड रेल्वे 1887 मध्ये जोडली गेली. पूर्वी बोट जेथे थांबतही नसे त्या ॲडलेडला आता थैल्या उतरवल्या जात आणि रेल्वेने पूर्वेकडे बोटीच्या आधी पोहोचत.

दुसरा मोठा बदल आंतरराष्ट्रीय होता. 1874 च्या बर्न करारातून जी टपाल संघटना उभी राहिली तिचे मूळ तत्त्व असे की प्रत्येक देशाने आपण गोळा केलेले हशील स्वतःकडेच ठेवावे, प्रत्येक पत्राचा वाटा मोजत बसू नये. ज्या देशाच्या बोटीने किंवा रेल्वेने टपाल पुढे जाते त्याला मात्र वजनावर मोबदला मिळे. 1878 च्या पॅरिस करारानुसार लांबच्या समुद्रप्रवासासाठी पत्रांना किलोमागे 15 फ्रँक हा कमाल दर होता. तो हिशेबही रोजचा नसे. दोन वर्षांतून एकदा ठरलेला महिनाभर थैल्या तोलायच्या आणि त्यावरून बाकीचा काळ धरायचा, अशी सुटसुटीत रीत होती. भारत या संघटनेत 1 जुलै 1876 रोजी आला. ऑस्ट्रेलियातील वसाहती मात्र 1 ऑक्टोबर 1891 पर्यंत बाहेर राहिल्या, कारण पत्राचा दर सहा पेन्सांवरून अडीच पेन्सांवर आला तर अनुदान द्यायचे कशातून, ही भीती त्यांना होती. शिवाय संघटनेत स्वतःचे मत हवे, हा त्यांचा आग्रह होता.

भारत आणि या वसाहती यांच्यातील अंतर येथे नजरेआड करता येत नाही. व्हिक्टोरिया किंवा न्यूझीलंड यांच्या निवडून आलेल्या विधिमंडळांना अनुदानाची रक्कम मंजूर वा नामंजूर करता येत होती, म्हणून लंडनला त्यांच्याशी घासाघीस करावी लागे. भारताच्या तिजोरीतूनही विलायती टपालाचा मोठा वाटा जात होता, मुंबई 1868 पासून साप्ताहिक सेवेचे मुख्य बंदर बनली होती, आणि सुवेझ ते मुंबई या प्रवासात बोटीवरच पत्रांची वर्गवारी करणारे भारतीय टपाल कर्मचारी होते. पण त्या खर्चाला नकार देऊ शकेल असे कोणतेही निवडलेले सभागृह भारतात नव्हते.

ज्या बोटींनी हे सगळे टपाल नेले त्या चालवणाऱ्यांमध्ये आपल्या किनाऱ्यावरची माणसे होती. पी. अँड ओ.च्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी आणि गोव्याचे खानसामे मोठ्या संख्येने काम करत. ऑस्ट्रेलियातील वसाहती 1901 मध्ये एक झाल्या आणि त्याच वर्षीच्या टपाल कायद्यात नव्या संघराज्याने अशी अट घातली की टपालाचा करार फक्त गोरे कर्मचारी असलेल्या बोटींशीच करता येईल. ब्रिटनने ही अट स्वीकारण्यास नकार दिला आणि 1905 मध्ये जुना संयुक्त करार संपल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ऑस्ट्रेलियाने ओरिएंट कंपनीशी एकट्याने करार केला आणि पंधरवड्यातून एका बोटीसाठी वर्षाला 1,20,000 पौंड देणे मान्य केले. आठवड्याच्या सेवेतील वसाहतींचा जुना वाटा 75,000 पौंडांचाच होता. मधल्या आठवड्यात येणाऱ्या पी. अँड ओ.च्या बोटी ब्रिटनच्या करारावर पूर्वीसारख्याच चालू राहिल्या, त्यांच्यावरचे खलाशीही तेच राहिले, आणि आठवड्याचे टपाल चुकू नये म्हणून ऑस्ट्रेलिया आपली पत्रे याच बोटींवर वजनाप्रमाणे पैसे मोजून चढवत राहिला.